चापुल्तेपेकला पाऊण तास पुरत नाही: मेक्सिकोच्या सहली आखणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मेक्सिकोला सहली नेणारे महाराष्ट्रातले आयोजक, टूर मॅनेजर आणि अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या सहल समित्या

सप्रेम नमस्कार.

मेक्सिको सिटीच्या कार्यक्रमपत्रिकेत चापुल्तेपेकच्या किल्ल्याला बहुधा एकच ओळ मिळते, आणि त्या ओळीत पाऊण तास. या पाऊण तासाचा हिशेब मांडून पाहा. टेकडीच्या पायथ्यापासून दरवाजापर्यंतचा चढ सावकाश चालणाऱ्याला पंधरा ते वीस मिनिटं घेतो. उतरायला दहा. तिकीट आणि सामानाची तपासणी यांना पाच मिनिटं धरली, तरी हातात दहा-पंधरा मिनिटं उरतात. तेवढ्यात गच्चीवरून एक फोटो होतो. मेक्सिकोचं राष्ट्रीय इतिहास संग्रहालय पाहणं होत नाही, आणि ही वास्तू म्हणजे तेच संग्रहालय आहे, हे पाहुण्याला परतीच्या विमानात कळतं. आमची मागणी एवढीच आहे की या ठिकाणाला एक पूर्ण सकाळ द्या. ती कशी द्यायची, हे पुढे लिहिलं आहे.

आधी 'किल्ला' या शब्दाचं बघू, कारण मराठी माणसाचा घोटाळा तिथूनच सुरू होतो. किल्ला म्हटलं की आपल्याला तट, बुरूज, पाण्याची टाकी आणि चोरदरवाजा हवा असतो. इथे त्यातलं फारसं काही नाही. बर्नार्दो दे गाल्वेस या स्पॅनिश व्हाइसरॉयने १७८५ मध्ये इथे हवेशीर निवास बांधायला घेतला. पुढच्याच वर्षी तो वारला आणि बांधकाम रखडलं. नंतर इथे लष्करी महाविद्यालय आलं. १८४७ मध्ये अमेरिकन सैन्य चालून आलं तेव्हा हा निवास किल्ला म्हणून लढवावा लागला. १२ सप्टेंबरला तोफांचा मारा, १३ तारखेला हल्ला आणि त्याच दिवशी पाडाव. जागा मुळात लढण्यासाठी बांधलेलीच नव्हती, हे त्यामागचं एक कारण. पाहुण्यांना आधीच 'टेकडीवरचा राजवाडा' असं सांगितलंत, तर कोणी बुरूज शोधत फिरणार नाही. चापुल्तेपेक या नावाचा अर्थही सांगून टाका: आस्तेकांच्या नावात्ल भाषेत चापुलीन म्हणजे नाकतोडा आणि तेपेत्ल म्हणजे डोंगर. खालच्या मेट्रो स्टेशनचं चिन्हही नाकतोडाच आहे, त्यामुळे चुकामूक झालेल्या पाहुण्याला परत शोधायला ते उपयोगी पडतं.

राजवाडा म्हणून या वास्तूचं खरं आयुष्य १८६४ मध्ये सुरू झालं. फ्रेंच फौजांच्या जोरावर सम्राट म्हणून आलेला हाब्सबुर्ग घराण्यातला मॅक्सिमिलियन आणि त्याची बेल्जियन पत्नी कार्लोता यांनी इथे बिऱ्हाड थाटलं. राजवाड्यापासून शहराच्या मध्यापर्यंत जाणारा सरळ रस्ता त्यानेच आखून घेतला. तोच आजचा पासेओ दे ला रेफोर्मा. साम्राज्य कोसळल्यावर १९ जून १८६७ रोजी केरेतारोजवळच्या टेकडीवर त्याला गोळ्या घालण्यात आल्या. कार्लोता त्याआधीच, १८६६ मध्ये, मदत मागायला युरोपला गेली होती. ती परतली नाही आणि पुढे १९२७ पर्यंत जगली. मग ही जागा राष्ट्राध्यक्षांकडे आली. मधली काही वर्षं इथे खगोलीय वेधशाळाही होती. राष्ट्राध्यक्ष पोर्फिरिओ दियासने राजवाडा उन्हाळी निवासासाठी सजवला, आणि १९१० च्या क्रांतीनंतरचे राष्ट्राध्यक्षही इथेच राहिले. १९३४ मध्ये निवडून आलेल्या लासारो कार्देनासने मात्र इथे राहायचं नाकारलं. तो टेकडीभोवतीच्या चापुल्तेपेक वनातल्या लॉस पिनोस या साध्या घरात गेला आणि १९३९ मध्ये हुकूम काढून राजवाडा संग्रहालयासाठी देऊन टाकला. २७ सप्टेंबर १९४४ रोजी, मानुएल आविला कामाचोच्या कारकिर्दीत, संग्रहालय लोकांसाठी उघडलं.

इथे माहितीपत्रकांची हमखास गल्लत होते. शहरात राष्ट्राध्यक्षांशी नातं असलेल्या तीन जागा आहेत. शहराच्या मध्यावरच्या सोकालो चौकातला राष्ट्रीय राजवाडा अजून सरकारी वापरात आहे. चित्रकार दिएगो रिवेराची जिन्यावरची प्रसिद्ध भित्तिचित्रं तिथे आहेत, चापुल्तेपेकला नाहीत. लॉस पिनोस १ डिसेंबर २०१८ ला लोकांसाठी खुलं झालं आणि तिथे प्रवेश फुकट आहे. तिसरी जागा म्हणजे आपला टेकडीवरचा राजवाडा. रिवेराची चित्रं दाखवू असं छापून चापुल्तेपेकला नेलंत, तर अभ्यासू पाहुणा तिथल्या तिथे पत्रक पुढे धरेल, आणि ते योग्यच असेल. आणखी एक दावा सरसकट छापला जातो, की अमेरिका खंडात सम्राट राहिलेला हा एकमेव राजवाडा आहे. ब्राझीलमध्ये दोन सम्राट होऊन गेले आणि त्यांचेही राजवाडे होते. मेक्सिको सिटीच्या जुन्या भागातही मॅक्सिमिलियनच्या आधीच्या सम्राट इतुर्बिदेच्या नावाचा वाडा उभा आहे. हे वाक्य काढूनच टाका.

आता दिवस. संग्रहालय मंगळवार ते रविवार, सकाळी ९ ते संध्याकाळी ५ उघडं असतं. सोमवारी बंद, आणि वनाचा हा पहिला भागही सोमवारी बंद असतो. म्हणजे बाहेरून तरी बघू ही पळवाटही राहत नाही. रविवारी मेक्सिकन नागरिकांना आणि रहिवाशांना प्रवेश मोफत असतो. आपल्या पाहुण्यांना तिकीट पडतंच, वर गर्दीही मिळते. शिवाय बहुतेक रविवारी सकाळी ८ ते दुपारी २ पर्यंत रेफोर्मा सायकलवाल्यांसाठी मोटारींना बंद ठेवतात. बस जवळ येऊ शकत नाही. ड्रायव्हर कुठल्या तरी आडरस्त्यावर सोडतो, आणि चढाआधीच ज्येष्ठांची दीड-दोन किलोमीटरची तंगडतोड होते. मंगळवार ते शुक्रवारमधली सकाळ सर्वांत बरी. शाळांच्या सहली त्या दिवसांत येतात, पण ९ च्या ठोक्याला दारात असाल तर तुम्ही त्यांच्या पुढे राहाल.

दोन तारखा टाळा. ९ फेब्रुवारीला निष्ठेच्या संचलनाची आठवण साजरी होते. १९१३ मध्ये याच दिवशी लष्करी महाविद्यालयाचे छात्र राष्ट्राध्यक्ष मादेरोला इथून राष्ट्रीय राजवाड्यापर्यंत सोबत घेऊन गेले होते. दोन आठवड्यांत त्याचा खून झाला. १३ सप्टेंबरला, १८४७ च्या लढाईत मेलेल्या छात्रांच्या पायथ्याच्या सहा स्तंभांच्या स्मारकापाशी सरकारी मानवंदना असते. या दोन्ही दिवशी सकाळच्या बंदोबस्तात गटाचा वेळ कुठे अडकेल, याचा भरवसा नाही.

उंचीकडे आयोजकांचं सर्वांत कमी लक्ष असतं. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटरवर आहे आणि राजवाडा सुमारे २,३२५ मीटरवर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे पाहुणा महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखराहून जवळपास सातशे मीटर उंचावर चढ चढत असतो आणि त्याला त्याची कल्पनाही नसते, कारण आजूबाजूला सपाट, गजबजलेलं शहर दिसतं. इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण तीन चतुर्थांश असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी. धाप लागते, डोकं जड होतं, तोंड कोरडं पडतं. त्यात मुंबईहून येणाऱ्याचं घड्याळ साडेअकरा तास मागे सरकलेलं असतं. म्हणून पहिल्या दिवशी हा चढ ठेवू नका. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी ठेवा आणि आदल्या रात्री मद्य जपून घ्यायला सांगा. हृदयविकार किंवा दमा असलेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला निघण्यापूर्वी, भारतातच घ्यावा. वर नेणारी एक छोटी गाडी असते, पण ती चालू असेलच असं धरून कार्यक्रम बांधू नका. चाकाच्या खुर्चीची गरज असेल तर संग्रहालयाला आधी कळवा. रस्ता फरसबंदीचा आहे, पण चढ आहे, आणि ढकलणाऱ्याचाही कस लागतो.

पायथ्याच्या तपासणीत आपल्या सहलींचा एक खास प्रसंग घडतो. खाण्यापिण्याचे पदार्थ आत नेता येत नाहीत. पाण्याच्या बाटल्यांवरही अडवतात. सकाळी बसमध्ये प्रत्येकाला पाण्याची बाटली, चिवड्याचं पाकीट आणि एखादा लाडू देऊन झालेला असतो, आणि मग तपासणीच्या टेबलाशी चाळीस पिशव्या उघडतात. उपाय सोपा आहे. खाऊ बसमध्येच ठेवा, पाणी चढापूर्वी पोटभर पाजा, प्रसाधनगृहाचा थांबाही खालीच उरका, आणि मधुमेहींच्या गोळ्या-साखर तेवढी वेगळ्या छोट्या पिशवीत ठेवून तपासनीसाला आधी दाखवा. सुटे पेसो जवळ असू द्या. तिकिटाचा दर नव्या वर्षात बदलतो, तेव्हा गेल्या वर्षीच्या पत्रकातला आकडा तसाच छापू नका. फ्लॅश आणि तिपाई आत चालत नाही. गाइड घेणार असाल तर त्याच्याकडे मेक्सिकोच्या पर्यटन खात्याचं ओळखपत्र आहे का, ते पाहून घ्या.

वर पोचल्यावर वास्तू दोन तुकड्यांत विभागलेली आहे, हे टूर मॅनेजरला ठाऊक हवं. पुढची इमारत लष्करी महाविद्यालयाची होती. इतिहासाची दालनं आणि बरीचशी भित्तिचित्रं तिच्यात आहेत. मागची, रेफोर्माच्या बाजूला तोंड करून असलेली, ती आल्कासार, म्हणजे राहता राजवाडा. आल्कासारमध्ये बऱ्याच खोल्यांत पाऊल टाकता येत नाही, दारातून किंवा अडसरापलीकडून बघायचं असतं. एका दारात धडपणे पाच माणसं उभी राहतात. चाळीसचा गट असेल तर आठ फेऱ्या, प्रत्येक फेरीला अर्धा मिनिट म्हणजे एका खोलीला चार मिनिटं, आणि दहा खोल्यांना चाळीस. मागून दुसरा गट आला की सगळं तुंबतं, मागचे पुढच्यांच्या पाठी बघून बाहेर पडतात. म्हणून गट दहा-बाराच्या तुकड्यांत फोडा आणि तुकड्या दहा मिनिटांच्या अंतराने सोडा. पंधरापेक्षा मोठ्या गटाने आल्कासार आधी घ्यावं, कारण गर्दी वाढली की तिथेच कोंडी होते. लहान गटाने मात्र इतिहासाची दालनं आधी बघावी. कालक्रम हाताशी असला की राजवाड्याच्या खोल्यांना अर्थ येतो, एरवी ते नुसतं महागडं फर्निचर राहतं.

आल्कासारमधली एक गोष्ट चुकवू नका: बग्ग्यांचं दालन. मॅक्सिमिलियनची सोन्याने मढवलेली समारंभी बग्गी आणि राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेसची साधी काळी घोडागाडी, दोन्ही याच संग्रहात आहेत. सम्राट राजवाड्यात होता तेव्हा हुआरेस प्रजासत्ताकाचं सरकार बरोबर घेऊन उत्तरेकडे गावोगाव फिरत होता, ते अशाच गाडीतून. गाइडला दहा मिनिटं बोलावं लागेल ते या दोन गाड्या शेजारी बघून समजतं. वरच्या मजल्यावर दियासने पॅरिसहून आणवलेली रंगीत काचचित्रं आहेत. फ्लोरा, सेरेस, दियाना, हेबे आणि पोमोना या पाच देवी. त्या लांब दालनात सकाळचं ऊन आत येतं तेव्हा रंग खुलतात. हिरव्या मॅलाकाइटचे भव्य दरवाजे आणि कलश बघायला लोक थांबतातच, त्यांची वेगळी शिफारस करायला नको.

गच्चीवरची काळी-पांढरी फरशी पावसात निसरडी होते. जून ते सप्टेंबर या महिन्यांत पाऊस बहुतेक दुपारनंतर येतो, हेही सकाळची वेळ धरायचं एक कारण. मार्च ते मे या काळात धुरक्यामुळे रेफोर्माचं टोक पुसट दिसतं. हिवाळ्यातल्या स्वच्छ सकाळी मात्र रस्त्याची सरळ रेघ आणि तिच्यावरचा 'स्वातंत्र्याचा देवदूत' हा स्मारकस्तंभ ठळक दिसतो. या उंचीवर ऊन चटका देतं, टोपी सांगायला विसरू नका.

आणि आता भित्तिचित्रं, ज्यांच्यासाठी खरं तर हे पत्र लिहिलं. पाऊण तासाच्या भेटीत ती पूर्णच हुकतात. पहिलं दाविद आल्फारो सिकेरोसचं, दियासच्या राजवटीपासून क्रांतीपर्यंतचं चित्र. ते एका भिंतीवर मावत नाही. भिंतींवरून वळत जातं आणि पाहणाऱ्याला मध्ये घेतं, त्यामुळे एका जागी उभं राहून बघायचं ते चित्र नाही, चालत बघायचं. १९५७ मध्ये सुरू झालेलं काम १९६६ मध्ये संपलं, कारण मधली चार वर्षं, १९६० ते १९६४, चित्रकार तुरुंगात होता. १९०६ चा कानानेआ खाणीतला संप, झेंड्यावरून चाललेली झटापट आणि एका बाजूला दरबारी लव्याजम्यात बसलेला दियास, त्याचा पाय १८५७ च्या राज्यघटनेवर. ज्याने आणवलेली काचचित्रं आत्ताच बघून आलो, त्याच्याच घरात त्याच्यावर काढलेलं हे आरोपपत्र आहे. आपल्याकडे एखाद्या राजवाड्यातल्या संग्रहालयाने मूळ मालकाबद्दल असं काही भिंतीवर लावल्याचं पाहायला मिळत नाही.

ह्वान ओ'गोर्मानचा स्वातंत्र्याचा फलक १९६०-६१ मधला, वक्र भिंतीवरचा. तो डावीकडून उजवीकडे वाचायचा: वसाहतीतला अन्याय, मग विचारवंत, मग मिगेल इदाल्गोचा १८१० चा उठाव, मग तो उठाव पुढे नेणारा मोरेलोस. गट उजव्या टोकाकडून आत शिरला तर गोष्ट उलटी दिसते, म्हणून आधी सगळ्यांना डाव्या टोकाला नेऊन उभं करा. होसे क्लेमेंते ओरोस्कोने १९४८ मध्ये हुआरेसचं प्रचंड मस्तक आणि त्याभोवती कोसळणारं साम्राज्य रंगवलं. त्याला जवळून नव्हे, दालनाच्या पलीकडच्या भिंतीला पाठ लावून बघावं. होर्हे गोन्सालेस कामारेनाचं १९६३ चं चित्र आकाराने लहान पण विसरता न येणारं आहे. गरुडवेषातला आस्तेक योद्धा आणि घोडेस्वार स्पॅनियार्ड एकमेकांना भोसकताहेत, आणि चित्राचं नाव आहे दोन संस्कृतींचा मिलाफ.

प्रवेशाजवळच्या छतावर गाब्रिएल फ्लोरेसचं १९७० चं चित्र आहे: झेंडा अंगाला गुंडाळून खाली झेपावणारा तरुण छात्र. १८४७ च्या लढाईत मेलेल्या सहा 'वीर बालकां'पैकी हा ह्वान एस्कुतिया. इथे टूर मॅनेजरने जरा जपून बोलावं. लढाई खरी, छात्र मेले हेही खरं, पण झेंड्यासकट उडीची गोष्ट इतिहासकार दंतकथाच मानतात. म्हणून ती सांगूच नये असं नाही. हिरकणीची गोष्ट रायगडावर आपण सांगतोच, आणि ऐकणाऱ्यालाही ती कशी घ्यायची ते कळतं. फक्त गोष्ट गोष्टीसारखी सांगा आणि तारीख तारखेसारखी.

दालनांतल्या बऱ्याच पाट्या फक्त स्पॅनिशमध्ये आहेत. पाहुण्यांच्या हातात एक कागद द्या, मराठीत, एकाच बाजूला छापलेला. १५२१ आस्तेक राजधानी तेनोच्तित्लानचा पाडाव, १८१० उठाव, १८२१ स्वातंत्र्य, १८४७ अमेरिकन आक्रमण, १८५७ राज्यघटना, १८६४ ते १८६७ मॅक्सिमिलियन, १९१० क्रांती, १९१७ नवी राज्यघटना. प्रत्येक दालनात यातला एखादा आकडा डोळ्यांपुढे येतोच, आणि आकडा ओळखीचा निघाला की माणूस थांबतो. मोबाइलच्या भाषांतरावर विसंबू नका. जाड भिंतींत नेटवर्क मिळेलच असं नाही, आणि चाळीस जण पाट्यांपुढे मोबाइल धरून उभे राहिले की रांग हलत नाही.

रेफोर्माच्या पलीकडे राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालय आहे. दोन्ही पायी अंतरावर, म्हणून एका दिवसात उरकण्याचा मोह होतो. तो आवरा. एकेकाळी दोन्हींचा संग्रह जुन्या शहरातल्या एकाच राष्ट्रीय संग्रहालयात होता. इतिहासाचा भाग टेकडीवर गेला, प्राचीन काळाचा १९६४ मध्ये नव्या इमारतीत. म्हणजे हे एकाच कथेचे दोन खंड आहेत, आणि स्पॅनिश येईपर्यंतचा पहिला खंड मानववंशशास्त्राचा. तो आदल्या दिवशी बघा, चापुल्तेपेक दुसऱ्या दिवशी सकाळी. त्या दुपारी जड काही नको. वनातल्या तळ्याकाठी बसा किंवा लॉस पिनोसला जा, म्हणजे कार्देनासने राजवाडा सोडून काय निवडलं तेही दिसेल.

शेवटी एक गोष्ट जी परदेशी आयोजक करणार नाहीत, तुम्हीच करू शकता. वर्ध्यात १८८४ मध्ये जन्मलेले गदर क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे १९२४ मध्ये मेक्सिकोला पोचले, तेव्हा चापुल्तेपेकच्या टेकडीवर राष्ट्राध्यक्ष राहत होते. क्रांतीनंतरच्या त्या सरकारला शेतकऱ्यांना जमिनीबरोबर ज्ञानही द्यायचं होतं. खानखोजे चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले, मक्यावर संशोधन केलं आणि शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा उभारल्या. दिएगो रिवेराच्या 'आपली रोजची भाकर' या चित्रात मेजाच्या मध्यभागी बसून भाकर मोडणाऱ्या माणसाला त्यांचाच चेहरा आहे, असं मानलं जातं. ते चित्र सोकालोजवळच्या जुन्या शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर आहे. २०२४ पासून तिथे भित्तिचित्रांचं संग्रहालय आहे. सोकालोचा कार्यक्रम तुमच्या पत्रकात असतोच. तिथून ती इमारत चालत काही मिनिटांवर आहे. चापुल्तेपेकनंतरच्या दिवशी ती ठेवा, म्हणजे सिकेरोसच्या भिंतीवरची क्रांती आणि वर्ध्याचा माणूस पाहुण्याच्या डोक्यात एकमेकांशेजारी बसतील.

आपले,
मेक्सिकोच्या इतिहासाचे काही मराठी वाचक

ता. क. पत्रकं आधीच छापून झाली असतील आणि चापुल्तेपेक सोमवारी पडलं असेल, तर आत्ताच अदलाबदल करा. तेओतिवाकानचे पिरॅमिड आणि ग्वादालुपेची बॅसिलिका सोमवारीही उघडी असतात, आणि शहरात थांबायचंच असेल तर सोउमाया संग्रहालयही.